घोड्यांसाठी आखलेला चढ

डोंगर कधी एका चढाने वर जात नाही. पायथ्याशी तो ऐसपैस पसरलेला असतो, मध्येच ताठ उभा राहतो, कुठेतरी कुरणापुरता सपाट होतो आणि पुन्हा कडा होऊन अंगावर येतो. आल्प्समधले जुने घाटरस्ते मात्र त्याच डोंगरावरून तासन्‌तास एकच चढ धरून जातात. शंभर मीटर पुढे गेलं की सात-साडेसात मीटर वर. सायकलवर बसलेल्या माणसाला हे पायांतून कळतं. श्वासाची एक लय बसते आणि ती सहसा तुटत नाही. ही लय दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी कागदावर ठरवून ठेवली आहे. तेव्हा पेडलची सायकल जन्मलीही नव्हती. ती ठरवली गेली गाड्या ओढणाऱ्या घोड्यांसाठी.

मी ज्या रस्त्याबद्दल बोलतेय तो स्टेल्विओचा. इटलीच्या उत्तरेला, स्वित्झर्लंडच्या सीमेला खेटून, ३९०५ मीटर उंचीच्या ऑर्टलर शिखराशेजारची ही खिंड २७५७ मीटरवर आहे. आल्प्समध्ये डांबरी रस्ता असलेल्या खिंडींत फ्रान्समधली इझरान तेवढी तिच्याहून उंच, तीही अगदी थोडी. प्राटो गावातून निघालं तर माथा २४.३ किलोमीटरवर, चढाई १८०८ मीटर, आणि वाटेत ४८ हेअरपिन वळणं. आपल्या हिशेबात सांगायचं तर अलिबागच्या किनाऱ्यावरून निघून थेट १६४६ मीटरच्या कळसूबाईवर सायकल नेता आली असती, तरी एवढी चढाई भरली नसती.

माझे बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झाले. त्यांच्या नोकरीची बरीच वर्षं सह्याद्रीतल्या घाटरस्त्यांवर गेली. मी स्टेल्विओ पहिल्यांदा चढून म्युनिकला परतले तेव्हा त्यांना फोटो पाठवले. बर्फाच्या शिखरांबद्दल, हॉटेलाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. फोनवर पहिला प्रश्न आला, “ग्रेडियंट किती होता गं?”

“सरासरी साडेसात टक्के, बाबा.”

“म्हणजे तेरा-चौदात एक. आम्हाला एवढं कुणी मंजूर केलं नसतं.” मग त्यांनी इंडियन रोड्स काँग्रेसचे आकडे सांगितले, अजून सगळे तोंडपाठ: डोंगराळ मुलखात रूलिंग ग्रेडियंट, म्हणजे नेहमी धरायचा चढ, पाच टक्के, म्हणजे विसात एक, जागाच नसेल तर सहा, अगदी अपवाद म्हणून थोड्या अंतरापुरता सात. आणि जाता जाता म्हणाले, “वळणावर चढ कमी केला होता का, ते बघितलंस? करावाच लागतो. ग्रेड कॉम्पेन्सेशन म्हणतात त्याला.”

पुढच्या वेळी गेले ती हे वाक्य बरोबर घेऊन. आणि ते खरं निघालं. हेअरपिनच्या बाहेरच्या कडेने वळलं की दोन-तीन पेडलं हलकी जातात, मांड्यांवरचा ताण उतरतो, एक पूर्ण श्वास भरून घेता येतो. आतल्या कडेने गेलं तर हे मिळत नाही, तिथे चढ उलट तीव्र असतो. म्हणून मागून गाडी येत नसेल तेव्हा अनुभवी सायकलस्वार वळण नेहमी मोठं घेतात. बाबांनी नंतर त्याचं घोड्यांच्या बाजूचं कारणही समजावलं. दोन जोड्या जुंपलेली गाडी हेअरपिनवर वळते तेव्हा पुढची जोडी आधीच वळलेली असते, तिचं ओढणं तिरकं पडतं, आणि सगळा भार काही क्षण मागच्या जोडीवर येतो. त्या क्षणी चढ तसाच राहिला तर गाडी थांबते किंवा मागे सरते. म्हणून वळण सपाट. ज्या माणसाने ही वळणं आखली त्याने दमलेल्या जनावराचा विचार अठ्ठेचाळीस वेळा केला आहे.

त्या माणसाचं नाव कार्लो दोनेगानी. ब्रेशाचा इंजिनियर. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेनंतर मिलानभोवतीचा प्रांत लोंबार्दी ऑस्ट्रियाच्या ताब्यात आली, आणि मिलानला आल्प्समधल्या टिरोल प्रांतामार्गे साम्राज्याशी जोडणारा, स्वित्झर्लंडच्या भूमीवर पाय न ठेवणारा रस्ता सम्राट पहिल्या फ्रान्सिसला हवा होता. सैन्य आणि टपाल दोन्ही त्यावरून जायला हवं होतं. १८२० मध्ये काम सुरू झालं आणि १८२५ मध्ये रस्ता तयार झाला. या उंचीवर उन्हाळा चार महिन्यांचा. सुरुंगाची दारू, छिन्नी, हातोडा आणि माणसांचे हात, एवढ्या साधनांनी पाच मोसमांत हा रस्ता झाला. त्याच दशकाच्या शेवटी, १८३० मध्ये, आपल्याकडे खंडाळ्याचा बोरघाट गाड्यांसाठी खुला झाला, तोही एका साम्राज्याला किनारा आणि देश जोडायचे होते म्हणून. मुंबई-पुण्याच्या माणसाला या दोन रस्त्यांचं नातं वेगळं सांगायला नको.

साम्राज्याचा हेतू मात्र टिकला नाही. १८५९ मध्ये ऑस्ट्रियाने लोंबार्दी गमावली आणि दोन प्रांत जोडायला बांधलेला रस्ता दोन देशांमधली सीमा होऊन बसला. १९१५ ते १९१८ या काळात याच कड्यांवर इटली आणि ऑस्ट्रियाच्या फौजा समोरासमोर होत्या. ऑर्टलरच्या हिमनद्यांतून बोगदे खोदून त्यांत सैनिक राहत होते. १९१९ च्या तहाने दक्षिण टिरोल इटलीकडे गेलं आणि खिंडीच्या दोन्ही बाजू एकाच देशात आल्या. सम्राट गेले, टपालाच्या बग्ग्या गेल्या, तोफा ओढणारे घोडे गेले. दोनेगानीने धरलेला चढ तेवढा जागच्या जागी राहिला, आणि आज त्याचा सगळ्यांत जास्त उपयोग कुणाला होत असेल तर स्वतःच्या पायांनी वर जाऊ पाहणाऱ्यांना.

हे भावनेने म्हणत नाही, हिशेब मांडते. मी, सायकल, पाणी आणि खिशातलं जाकीट मिळून सत्तर किलो धरा. एवढं वजन १८०८ मीटर वर उचलायला सुमारे बारा लाख चाळीस हजार ज्यूल ऊर्जा लागते. तीन तासांत चढायचं तर गुरुत्वाकर्षणालाच ११५ वॉट द्यायचे, टायर आणि हवा मिळून आणखी थोडे. म्हणजे एकशेतीसच्या आसपास. नियमित सायकल चालवणाऱ्या निरोगी माणसाला तीन तास एवढी शक्ती देता येते. वेग पडतो ताशी आठ किलोमीटर. पुढे चौतीस दात, मागे चौतीस दात, अशा सर्वांत हलक्या गिअरवर पेडल मिनिटाला साधारण चौसष्ट वेळा फिरतं. गुडघ्यांना हे चालतं. आता चढ दुप्पट करून बघा. तीच शक्ती, तर वेग निम्मा, ताशी चार किलोमीटर, माणूस चालतो त्याहून कमी. तिथे सायकलचा तोलच सांभाळत नाही. साडेसात टक्क्यांवर घोडा, मी आणि साठी ओलांडलेले कितीतरी लोक वर पोचतात. पंधरावर निवडक.

याच भागात याचा पडताळा घेता येतो. स्टेल्विओच्या दक्षिणेला वाल्तेल्लिना खोऱ्यातून मोर्तिरोलो नावाची खिंड चढते. उंची १८५२ मीटर, म्हणजे स्टेल्विओपुढे ठेंगणीच. पण मात्सो गावाकडून तिचा चढ १२.४ किलोमीटरभर सरासरी साडेदहा टक्के आहे आणि मध्ये अठरा टक्क्यांपर्यंत जातो. अरुंद गावरस्ता, झाडीतून सरळ वर घुसलेला. तिथे पेडलं मिनिटाला पन्नासच्या खाली येतात, प्रत्येक फेरी स्वतंत्रपणे ढकलावी लागते, आणि लय कशी ती बसतच नाही. शर्यतीतल्या लोकांना मोर्तिरोलो प्रिय आहे, तिथे बलवान आणि दुबळे लगेच वेगळे होतात. मला ती आवडत नाही. त्या रस्त्यात कुणी माझा विचार केल्याची खूण सापडत नाही.

प्राटोला जायला मेरानोहून माल्सपर्यंतची छोटी रेल्वे आहे. ती काही वर्षं बंद होती, २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली. गाडीत सायकली नेता येतात. खोरं सफरचंदांचं. तारांवर बांधलेल्या बुटक्या झाडांच्या रांगा, ऑगस्टमध्ये लाल-हिरव्या फळांनी लगडलेल्या, आणि त्यांच्यावर फिरणारे पाण्याचे फवारे. गावाची पाटी दोन भाषांत: जर्मनमध्ये प्राड, इटालियनमध्ये प्राटो. चहाकॉफी जर्मनमध्ये मागायची. पहिले काही किलोमीटर वळण येतच नाही, रस्ता ओढ्याच्या सोबतीने सावलीतून जातो, आणि इथेच नवखे लोक जोरात सुटतात. मग ४८ हा आकडा लिहिलेला दगड येतो. आकडे वर जाताना कमी होत जातात.

ट्रॅफॉय १५०० मीटरच्या थोडं वर. गुस्ताव थ्योनी हा १९७० च्या दशकातला महान स्कीपटू इथला. चर्च, दोन-चार हॉटेलं, की संपलं गाव. त्यानंतर झाडीतली वळणं. आधी स्प्रूस, मग लार्च, मग आरोला पाइन. झाडं हळूहळू आखूड होत जातात, आणि २००० मीटरच्या पुढे ती नसतातच. डावीकडे ऑर्टलरच्या हिमनद्या उघड्या पडतात. फ्रान्झेन्सहोए नावाच्या जुन्या हॉटेलापाशी, २१८८ मीटरवर, उरलेला सगळा रस्ता एकदम समोर येतो. भिंतीसारखा डोंगर आणि त्यावर नऊवारीच्या निऱ्यांसारखी एकावर एक बसवलेली वळणं, वरपर्यंत, खिंडीवरच्या इमारती ठिपक्यांएवढ्या दिसेपर्यंत. पहिल्यांदा बघणारे इथे सायकलवरून उतरतात. मीही उतरते, दरवेळी. दमले म्हणून नाही. चालत्या सायकलवरून हे दृश्य नीट बघता येत नाही म्हणून.

इथून वर हवा विरळ होत गेल्याचं जाणवतं. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या जरा वर असतो. त्याच शक्तीसाठी छाती जास्त वेळा भरावी लागते. मी आकडे वाचणं सोडून देते आणि दगडी बांधकामाकडे बघते. वळणांना पेलणाऱ्या त्या भिंती नीट बघण्यासारख्या आहेत. गाडीतून जाणाऱ्याला त्या दिसतच नाहीत, कारण त्या त्याच्या चाकांखाली असतात. ताशी आठ किलोमीटरने जाणाऱ्याला वरच्या वळणाची भिंत डोळ्यांसमोर चांगली मिनिटभर राहते. दगडावर दगड, मध्ये पाण्याला वाट, बाहेरच्या बाजूला किंचित आत कललेली. बाबांना मी अशाच एका भिंतीचा जवळून काढलेला फोटो पाठवला होता. त्यांनी तो मोठा करून छापून घेतला आणि पुण्याच्या घरी टेबलाच्या काचेखाली ठेवला.

या चढावर कुणी कुणाशी फारसं बोलत नाही. ओलांडून जाणारा “फोर्त्सा” (जोर लाव) किंवा “सर्वुस” (नमस्कार) एवढं पुटपुटतो. म्हातारी माणसं पुष्कळ असतात, सडपातळ, उन्हाने रापलेली, आणि त्यांच्या पेडल मारण्यात एक शांतपणा असतो जो चाळिशीतल्यांच्यात मला दिसत नाही. अलीकडे इलेक्ट्रिक सायकली वाढल्यात. त्यावर नाकं मुरडणारे खूप आहेत. मला त्यांचं येणं मनापासून आवडतं. नवऱ्याबरोबर कधी वर न आलेल्या बायका आता त्याच्या पुढे जाताना दिसतात. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली माणसं परत रस्त्यावर येतात. दोनेगानीने रस्ता केला तो तरी घोड्याच्या जोरावर वर जाणाऱ्यांसाठीच की. मला खटकतो तो मोटरसायकलींचा गोंगाट. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी इंजिनांचा आवाज भिंतीवरून भिंतीवर आपटत राहतो, आणि वळणावर आतून घुसणारी मोटरसायकल खरोखर धोक्याची असते. उन्हाळ्याच्या अखेरीस वर्षातून एक दिवस हा रस्ता मोटारींना बंद करून फक्त सायकलींसाठी ठेवतात. हजारो लोक येतात. त्या दिवशी पहिल्यांदा मला तिथे ओढ्याचा आवाज फ्रान्झेन्सहोएच्या वरपर्यंत ऐकू आला. असा एक दिवस फार कमी आहे. दर आठवड्याला एक सकाळ तरी हवी.

माथ्यावर शांतता शोधू नये. तिथे सॉसेज भाजण्याचा धूर, टीशर्टांची दुकानं, फोटोसाठी रांगा. मला ही जत्रा आवडते. खिंड ही पूर्वीपासून माणसं भेटण्याची जागा, तिथे खाणंपिणं विकलं जाणारच. त्रास होतो तो उजाड होत चाललेल्या हिमनदीकडे बघून. इथे उन्हाळ्यात स्की करता येतं, जगभरचे स्कीपटू सरावाला येतात. २०२२ च्या जुलैमध्ये बर्फ इतकं कमी उरलं की उन्हाळी स्कीइंग मध्येच थांबवावं लागलं. दुकानांच्या मागे जाऊन बघितलं की करडा दगड आणि मळकं बर्फ यांच्यातली रेषा दिसते. ती दरवर्षी वर सरकलेली असते.

सायकलच्या शर्यतीत ही खिंड आली १९५३ मध्ये. इटलीची जिरो शर्यत, शेवटून दुसरा टप्पा. एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याची गुलाबी जर्सी स्विस ह्यूगो कोब्लेटच्या अंगावर, आणि फाउस्तो कोप्पी त्याच्या जवळपास दोन मिनिटं मागे. रस्ता तेव्हा कच्चा, कडेला बर्फाच्या भिंती. कोप्पीने प्राटोच्या बाजूने चढताना हल्ला केला, एकटा माथ्यावर पोचला, पलीकडच्या पायथ्याच्या बोर्मिओला उतरला, आणि आपली पाचवी जिरो जिंकला. १९६५ पासून जिरोतल्या दरवर्षीच्या सर्वांत उंच खिंडीला ‘चीमा कोप्पी’ म्हणतात. स्टेल्विओ मार्गात असली की तो मान तिचाच. मला त्या टप्प्याची जुनी छायाचित्रं बघायला आवडतात. कोप्पीची सायकल, त्याचे जड गिअर, रस्त्यावरची खडी, सगळं आजच्याहून वेगळं आहे, आणि त्याच्या चाकांखालचा चढ हाच आहे.

उतरताना चढाईतली ऊब दहा मिनिटांत संपते. खोऱ्यापेक्षा माथा बारा अंशांनी थंड, त्यात घामाने भिजलेले कपडे आणि ताशी पन्नासचा वारा. जुने इटालियन सायकलस्वार जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्र घालत, आणि अजूनही माथ्यावर कुणीतरी वर्तमानपत्राची पानं वाटून घेताना दिसतं. शेजारच्या गाव्हिया खिंडीवर १९८८ च्या जिरोत ५ जूनला भर शर्यतीत बर्फ पडलं. चढताना सगळे कसेबसे टिकले. हाल झाले ते उतारावर, बोटं ब्रेकवर आवळेनात तेव्हा. अमेरिकेच्या अँडी हॅम्पस्टनने त्या दिवशी गुलाबी जर्सी मिळवली आणि ती शेवटपर्यंत राखली. घोड्याला उतार सोपा नसतो, हेही बाबांनीच सांगितलं होतं: चढावर त्याचा दम जातो, उतारावर मागची गाडी त्याच्यावर चालून येते. सातेक टक्क्यांचा चढ दोन्ही दिशांनी हिशेब करून धरावा लागतो.

बहुतेक लोक बोर्मिओकडे उतरतात. मला आवडते ती तिसरी वाट, उंब्रायल खिंडीवरून स्वित्झर्लंडच्या सांता मारिया गावात जाणारी. माथ्यापासून तीन किलोमीटर खाली फाटा आहे, तिथे सीमेवर आता सहसा कुणी अडवत नाही. सकाळी जर्मन बोलत निघायचं, माथ्यावर इटालियनमध्ये सॉसेज मागायचं, आणि दुपारी अशा गावात पोचायचं जिथे घरांच्या भिंतींवर रोमान्श भाषेत ओळी लिहिलेल्या असतात. तिथून माल्सच्या स्टेशनपर्यंत रस्ता जवळजवळ सगळा उताराचा.

पुण्यातले काही मित्र विचारतात, हे आम्हाला जमेल का. सिंहगड न थांबता, बोलण्याइतका श्वास राखून चढत असाल तर जमेल. मागच्या चाकाला चौतीस दातांपर्यंतची कॅसेट (गिअरच्या चकत्यांचा संच) बसवा, प्राटोतून निघताना मोह आवरा, जून ते सप्टेंबरमध्ये या, आणि खिंड उघडी आहे ना ते आधी बघून घ्या, कारण जूनमध्येही कधीकधी बर्फ पडून ती बंद होते.

स्टेल्विओच्या आधी दोनेगानीने श्प्लुगेन खिंडीवरचा रस्ता बांधला. इटलीतल्या चियावेन्ना गावातून स्वित्झर्लंडमध्ये जाणारा, २११४ मीटर उंचीचा. तिथे चढ तीस किलोमीटरचा, सरासरी सहा टक्क्यांच्या आत, आणि एका ठिकाणी कड्याच्या अंगावर हेअरपिन आणि बोगदे एकमेकांच्या डोक्यावर बसवलेले आहेत. मी अजून तो चढलेले नाही. येत्या जुलैत बाबा म्युनिकला येतायत आणि त्यांना तोच रस्ता बघायचा आहे. मी सायकलवर, ते मोटारीतून, सोबत चढ मोजायचं छोटं यंत्र. वळणावर तो किती कमी केलाय, ते त्यांना स्वतः मोजायचं आहे.